आगाऊ कोरलेलं साल

एका जिवंत माणसाच्या नावाआधी मी तीनशे वेळा 'कै.' कोरलं, आणि नावाखाली त्याच्या मृत्यूचं सालही. ते माझ्याकडून कोणी जबरदस्तीने करून घेतलं नाही. मी धंदा करत होतो.

त्याआधी माझा छंद होता. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी सव्वीस वर्षं उपकरणांच्या तबकड्यांवर आकडे कोरले, पण ते यंत्राचं काम. एका टोकाला मोठा आकडा गिरवायचा, दुसऱ्या टोकाला तोच बारीक होऊन पितळेत उतरायचा. हाताने कोरणं मी घरी शिकलो, आपलं आपण. पोलादी कलम, वाळू भरलेली चामड्याची उशी आणि पोस्टकार्डाएवढा तांब्याचा पत्रा, एवढं सामान पुरतं. कलम धरलेला हात स्थिर ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने पत्रा उशीवर फिरवायचा. डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत मी असे रविवार घालवले. सुक्या बोंबलाचा जबडा कोरला, मिशांसकट कोलंबी कोरली. एका मुंगीला महिना लागला.

"भिंतीत खिळा ठोका म्हटलं तर तुमचा खांदा दुखतो," बायको म्हणायची, "आणि मुंगीच्या पायांना केस काढताय."

निवृत्त झाल्यावर तिचंच मत बदललं. एवढी कला अंगात असून ती कपाटात का ठेवायची, असं ती म्हणू लागली, आणि मला ते ऐकायला बरं वाटलं. पहिलं काम सोसायटीच्या पाटीचं आलं. मग सन्मानचिन्हं. आमच्याकडे ठाण्यापासून कल्याणपर्यंत सत्काराला तोटा नाही. सत्कार करून घेणाऱ्यांना तर मुळीच नाही. एका गृहस्थांच्या नावाआधी आदर्श, भूषण, रत्न, सम्राट असं इतकं सामान होतं की पट्टीवर नाव मावेना. मी विचारलं, "यातलं काय गाळू?" ते थोडा विचार करून म्हणाले, "आडनाव गाळा. ते सगळ्यांना माहीतच आहे."

कलमाने एवढी कामं उरकेनात, म्हणून मी विजेवर चालणारं पेन घेतलं. भांड्यांच्या दुकानात नाव घालतात तेच. त्याचं टोक टर्र आवाज करत धातूवर आपटतं आणि ठिपक्यांची रेघ उमटते. खरं तर ते टोचणं असतं. पण गिऱ्हाईक त्याला कोरणंच म्हणतं, आणि हळूहळू मीही म्हणू लागलो.

शिमगा होऊन गेला होता. खाडीकाठच्या एका गावातला, पन्नाशीच्या आसपासचा माणूस जिना चढून आला. जुनं घर, आजोबांची शेती आणि मिठागर, आता त्या जागेवर उंच इमारती. बोलणं अतिशय नम्र.

"काका, तीनशे गडू आहेत. पितळी. दुकानातलं काम नको, तुमच्या हातचं अक्षर पाहिजे."

"काय घालायचं?"

"कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ. खाली तारीख. बाबांचं आहे."

"कधी गेले?"

"नाय नाय, घरी आहेत. मी निघालो तेव्हा चहा पीत होते."

मी पेन खाली ठेवलं. मग त्याने समजावून सांगितलं. आदल्या वर्षी त्याचा काका वारला. उत्तरकार्याला येणाऱ्या प्रत्येकाला मृताच्या नावाचं भांडं द्यायचं, ही त्यांच्याकडची पद्धत. पण बारा दिवसांत तीनशे भांड्यांवर नाव घालून देणारा कोणी मिळाला नाही. शेवटी कागदी चिकटपट्ट्या छापून लावल्या.

"गावात अजून बोलतात, पहिल्याच घासणीला म्हातारा वाहून गेला. आमच्या घराची इज्जत गेली, काका. बाबांच्या वेळी तसं नको."

"पण वडील आहेत अजून."

"म्हणून तर आता आलो ना. नंतर घाई होते." तो खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाला, "डॉक्टर बोललेत, हे वर्ष काढतील असं वाटत नाय. साल पण घालून टाका. दिवस आणि महिन्याची जागा तेवढी मोकळी सोडा."

"साल राहू दे. चार तर आकडे."

"तीनशे गुणिले चार. बाराशे झाले. ऐन वेळी तुमचे दोन दिवस त्यात जातील."

गणित बरोबर होतं. शिवाय माझ्या हातचंच अक्षर हवं, असं तोवर कोणी म्हटलं नव्हतं. मुंगीला तर कोणी विचारलंही नव्हतं. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला आणि गडवांची पोती गॅलरीत रचली गेली. बायकोने कागदावरचा मजकूर वाचला.

"जिवंत माणसाला कै.? हे घरात नको हं."

"अक्षरांनी माणूस मरत नाही," मी म्हणालो. मला माझ्या विवेकाचा तेव्हा बराच अभिमान होता.

ती वाद घालत बसली नाही. गडवांवर प्लास्टिक पांघरलं आणि त्या दिवसापासून कपडे गॅलरीत वाळत घालायचे बंद केले. खोलीत दोरी बांधली.

पहिल्या दहा-बारा गडवांवर 'कै.' कोरताना माझा हात अडला. पन्नासाव्याला ते नुसतं अक्षर राहिलं. शंभर झाल्यावर माझ्या लक्षात आलं की त्याच्या दोन मात्रांना छान बाक येऊ लागलाय, आणि मी तो बाक आणखी सुधारू लागलो. साल शेवटी घातलं. वैशाखात काम संपलं. म्हाताऱ्याचा मुलगा येऊन पाहून गेला, खूश झाला आणि घरच्यांना दाखवायला एक गडू पिशवीत घालून घेऊन गेला. बाकीचे माझ्याकडे राहिले. तारीख कळली की लगेच पुरी करायची होती ना.

मग वाट पाहणं सुरू झालं. कशाची ते मी मनातल्या मनातही पूर्ण वाक्यात म्हणत नव्हतो. श्रावणात मुलाचा फोन आला.

"काका, बाबांना ठाण्याला ॲडमिट केलंय. तयारीत राहा."

मी पेनला नवीन टोक बसवलं. एका शाळेची बक्षिसं आली होती, ती परत पाठवली. चार दिवस गडवांवरचं प्लास्टिक काढून ठेवलं. पाचव्या दिवशी फोन वाजला. म्हाताऱ्याला घरी आणलं होतं, पेज पीत होता.

"बरं झालं," मी म्हणालो आणि फोन ठेवला. बायको दारात उभी होती.

"गेले?"

"नाही. बरे आहेत."

"मग तुमचं तोंड का उतरलं?"

मी गॅलरीत जाऊन गडवांवर पुन्हा प्लास्टिक पांघरलं. तिला उत्तर नको होतंच.

गणपतीनंतर एका सकाळी दाराची बेल वाजली. पांढरा सदरा, टोपी, हाडांवर सैल झालेली कातडी. दोन मजले चढून आल्याने श्वास वर गेलेला. म्हाताऱ्याने पिशवीतून गडू काढून मला दाखवला.

"कोरनारा मास्तर तूच काय?"

मी हो म्हणालो.

"मंग बसू दे मना. आन पानी दे. यातून नको."

बायकोने पेल्यात पाणी आणलं. त्याने ते पिऊन पेला उलटा केला, तळाशी घातलेलं नाव वाचलं आणि विचारलं, "यो कोन?"

"माझे वडील," बायको म्हणाली. "लग्नात दिलेली भांडी."

"जिता हाय?"

"नाही. दहा वर्षं झाली."

"मंग बरोबर हाय," म्हातारा म्हणाला. पण तिच्या वडिलांच्या नावाआधी 'कै.' नव्हतं, आणि ते त्याने पाहिलं होतं.

झालं होतं ते असं. मुलाने नेलेला गडू सगळ्यांनी पाहिला, वाखाणला आणि कपाटात ठेवला. कोणीतरी साफसफाईत तो काढून घासला आणि फळीवर मांडला. सुनेने न पाहता त्यातूनच सासऱ्याला पाणी दिलं, आणि मग माझा पत्ताही त्याने तिच्याकडूनच काढला. "तिचा काय दोस नाय," तो म्हणाला. "पन मी चवथी शिकलेला हाय. वाचता येतं ना."

मी माफी मागू लागलो. त्याने हात हलवून मला गप्प केलं. त्याला बाकीचे पाहायचे होते.

गॅलरीत मी प्लास्टिक बाजूला केलं. ऊन थेट आत येत होतं. तीनशेला एक कमी गडू, प्रत्येकावर त्याचं नाव, आणि नावाआधी मी बाक सुधारत नेलेल्या त्या दोन मात्रा. तो कठड्याला धरून उभा राहिला.

"अक्षर चांगला हाय तुजा," तो म्हणाला. मग सालावर बोट ठेवून, "यो साल कोनी सांगला?"

"तुमच्या मुलाने. डॉक्टर म्हणाले होते, असं म्हणाला."

"मना तर बोल्ला, आराम पडंल." त्याने बोट काढलं नाही. "पुसता येल?"

"नाही. घासलं तरी खड्डा राहतो."

"पोरा वायट नाय, मास्तर. घाय हाय त्यांना."

खोलीत परतताना भिंतीवरच्या कोलंबीपाशी तो थांबला. तिच्या मिशांजवळ डोळे नेऊन पाहिलं.

"ही कोनी कराला सांगली?"

"कोणी नाही. माझी मीच केली."

"किती दिस लागलं?"

"दोन महिने."

"हिला काय घाय नव्हती," तो म्हणाला, आणि खुर्चीत बसून, जणू बाजारातला भाव विचारावा तसं विचारलं, "मी यो साल काढला तर काय करशील?"

मला काहीतरी चांगलं म्हणायचं होतं. माझ्या बायकोच्या देखत तर नक्कीच. मी म्हणालो, "तुम्ही हे वर्ष काढा. मी हे सगळे गडू मोडीत घालीन. नवे आणीन, माझ्या खर्चाने. आणि त्यांच्यावर वेळ आल्याशिवाय काहीही कोरणार नाही."

"सबूत?"

"शब्द."

तो तोंडात उरलेले चार दात दाखवून हसला. "मंग मना काम लागला."

त्यानंतर दर सोमवारी, अकराच्या सुमारास, त्याचा फोन यायचा. "मास्तर, हाय मी." एवढंच. मी "बरं" म्हणायचो. कधी तो एखादं वाक्य जास्त बोलायचा. पूर्वी मिठागरात असताना पायाच्या भेगांत मीठ भरायचं, आता तेच पाय बधिर झालेत, म्हणून टाचणी टोचून बघतो, असं. सोमवारी सव्वाअकरापर्यंत फोन वाजला नाही तर बायको उगाच स्वयंपाकघरातून बाहेर येऊन टेबल पुसायची. मला आता तो जगायला हवा होता. मी त्याच्या बाजूने होतो. असं मला वाटत होतं, आणि तो माझा गैरसमज होता हे पुढे दिसेलच.

कार्तिकात आवाज बारीक झाला. डिसेंबरच्या दुसऱ्या सोमवारी फोन आला नाही. तिसऱ्या सोमवारनंतर मुलाचा आला.

"काका, आता खरं नाय. अन्न बंद झालंय. तुम्ही महिना घालून घ्या."

"थांबू या ना थोडं."

"डिसेंबर म्हणजे चार अक्षरं, काका. तीनशे गुणिले चार."

या माणसाला दुसरं गणित येतच नव्हतं. फोन ठेवून मी विचार केला. म्हातारा वर्ष पार करून गेला तर गडू मोडीतच जाणार, मग त्यांच्यावर आणखी काही असलं काय नि नसलं काय. आणि नाही गेला, तर वेळ वाचेल. दोन्हीकडून माझंच बरोबर ठरत होतं. ज्या युक्तिवादात आपण दोन्हीकडून बरोबर ठरतो त्याकडे संशयाने पाहावं, हे मी दुसऱ्यांच्या बाबतीत कायम म्हणत आलो आहे.

पेनचा टर्र आवाज पुन्हा सुरू झाला त्या दिवशी बायकोने पिशवी भरली आणि विठ्ठलवाडीला बहिणीकडे राहायला गेली. मी कारण विचारलं नाही. ती परत आली तेव्हा तीनशेच्या तीनशे गडवांवर महिना पडला होता. नमुन्याचा गडू म्हाताऱ्याने माझ्याकडेच ठेवला होता, त्याच्यावरही.

एक जानेवारीला, गुरुवार असूनही, अकरा वाजता फोन वाजला. आधी नुसता श्वास.

"मास्तर. साल जेला."

"गेलं," मी म्हणालो.

"मी हाय."

"आहात. आहात तुम्ही."

"शब्द..."

"आहे माझ्या लक्षात."

तो हसला असावा. ते हसणं खोकल्यात गेलं आणि मग कोणीतरी फोन काढून घेतला. मी बायकोला ओरडून सांगितलं. तिने देवापुढे साखर ठेवली. मी कल्याणच्या भांडीवाल्याला फोन करून मोडीचा भावही विचारला. तो दिवस फार चांगला गेला.

दोन तारखेला दुपारी म्हातारा वारला.

तीन तारखेला मुलगा आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. बसल्या बसल्या तो रडला, आणि ते रडणं खरं होतं. हे मुद्दाम लिहितो, कारण त्याला खलनायक करून टाकलं तर माझं काम फार सोपं होईल. बायकोने दिलेलं पाणी पिऊन त्याने नाक पुसलं आणि गॅलरीकडे पाहिलं.

"आता दिवसच राहिलाय ना, काका? एकतीस घाला."

"ते काल गेले. साल उलटून गेलं."

"दोन दिवसांनी काय होतंय. दाखल्यावर बरोबर तारीख आहे. गडवावर कोण बघतं?"

मी त्याला शब्दाची गोष्ट सांगितली. सगळी. तो मान खाली घालून ऐकत होता. त्याला राग येईल असं मला वाटलं. तो म्हणाला, "तुम्ही बोललात ते बरंच केलंत, काका. त्यांना बरं वाटलं असेल. मी पण बोललेलो ना त्यांना, बरे व्हाल म्हणून."

माझ्या शब्दाला त्याने किती सहज आपल्या शब्दाशेजारी बसवलं. आणि तो तिथे शोभतही होता.

"नवे आणतो मी," मी म्हणालो. "माझ्या खर्चाने."

"आणाल हो. पण दहा दिवसांत तीनशेवर नाव घालून होईल? होणार असेल तर सांगा. नाहीतर परत पट्ट्या चिकटवायची पाळी येईल. बाबांना चालेल ते?"

दहा दिवसांत झालं नसतं. झालंही असतं कदाचित, दिवसरात्र बसून, अर्ध्यांवर नुसतं नाव घालून. मी तसं म्हणालो नाही. बायको माझ्याकडे पाहत होती. मी त्याला सांगितलं, परवा घेऊन जा.

तीन आणि एक. तीनशे वेळा. हात थरथरला असता तर लिहायला बरं झालं असतं. तो थरथरला नाही. आकड्यांना नेहमीसारखाच छान बाक आला.

उत्तरकार्य खाडीकडच्या मैदानात होतं. मांडवाच्या तोंडाशी म्हाताऱ्याचा फोटो दोन माणसांएवढा, आणि नावाआधी सहा पदव्या. त्याला जिवंतपणी एकही माहीत नसावी. पंगत उठली तसे गडू वाटायला सुरुवात झाली. लोक ते उन्हात धरून पाहत होते. अक्षराची तारीफ झाली. "बघा, बारा दिवसांत केलंय," असं कोणी तरी म्हणालं. एक शर्ट-पँटवाला गृहस्थ माझी चौकशी करत आला, बाजूला घेऊन म्हणाला, "आमचे वडील तसे बरे आहेत. पण तुमच्याकडे आधी नंबर लावावा लागतो म्हणे." मी त्याला माझा फोन नंबर दिला. तो देताना मी थांबलो नाही, हेही लिहून ठेवतो.

मांडवाच्या कडेला एक काठीवाला म्हातारा बसला होता, वारलेल्याचा मिठागरातला सोबती. शेजारच्या माणसाने त्याच्या गडवावरचा मजकूर त्याला मोठ्याने वाचून दाखवला. तारखेपाशी म्हाताऱ्याने त्याला थांबवलं.

"नाय, नाय. मी एक तारखेला त्याच्या उशाशी बसलेलो. मना बोल्ला, साल जेला रं. हात धरून हसला."

"आबा, एकतीस डिसेंबर कोरलंय इथे."

"कागदावर आसंल."

"कागद कुठला, पितळेवर कोरलंय. घरच्यांनी घातलंय, ते चुकीचं कसं असेल?"

म्हाताऱ्याने गडू हातात घेतला. डोळ्यांना दिसत नसावं, कारण त्याने त्या दोन आकड्यांवरून अंगठा फिरवला, एकदा या बाजूने, एकदा त्या. मी दोन पावलांवर होतो. एवढ्या अंतरावरून नुसतं बोललं तरी ऐकू गेलं असतं.

"मंग आदल्या दिशी बसलेलो आसंन," तो म्हणाला. "डोका काम करत नाय आता." आणि त्याने गडू खांद्यावरच्या पंचात गुंडाळून घट्ट गाठ मारली.